दिवसप्रकाश व कृत्रिम प्रकाश यांचे संयोजन, ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील

इमारतीत खिडक्या-झरोक्यांतून येणारा आकाशाचा उजेड आणि दिव्यांचा उजेड हे दोन्ही एकाच हिशेबात धरून, पहिला जेथे व जेव्हा कमी पडेल तेथे तेवढाच दुसरा पुरविण्याच्या पद्धतीस दिवसप्रकाश व कृत्रिम प्रकाश यांचे संयोजन म्हणतात. हे नियंत्रण साध्या बटनाने हातानेही करता येते व प्रकाशसंवेदी साधनांच्या द्वारे आपोआपही घडवून आणता येते. डोळ्यांना ताण न पडता काम करता यावे, विजेचा व्यर्थ खर्च टळावा आणि वीजपुरवठा खंडित झाला, तरी दिवसा इमारत वापरण्याजोगी राहावी, असे या पद्धतीचे तीन हेतू होत.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांत कौलारू घर, गिरणी, चाळ, औद्योगिक वसाहतीतील गाळा, चार मजली इमारत आणि काचेच्या दर्शनी भिंतींचे कार्यालय हे इमारतींचे सर्व प्रकार सु. दीडशे वर्षांच्या अवधीत एकामागून एक उभे राहिले. त्यामुळे संयोजनाच्या इतिहासातील बहुतेक टप्पे येथे पाहावयास मिळतात. या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. नियंत्रणाची साधने सर्वांत शेवटी आली. त्यांना नियंत्रित करण्याजोगा उजेड मिळणार की नाही, हे मात्र दोन इमारतींमधील अंतर, खिडकीच्या माथ्याची उंची आणि तारांची मांडणी यांनी आधीच ठरून गेलेले होते.

भौगोलिक पार्श्वभूमी : हा प्रदेश सु. १९·२° उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य येथे डोक्यावरून किंचित उत्तरेकडे जातो, तर डिसेंबरात तो दक्षिणेस क्षितिजापासून सु. ४७° उंचीवर असतो. म्हणून यूरोपीय कारखान्यांत निर्धोक मानलेला उत्तरेचा उजेड येथे वर्षभर ऊनविरहित राहत नाही. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडक्यांतूनही तिरपे ऊन आत शिरते. सूर्य उत्तरेस असण्याचा निम्म्याहून अधिक काळ पावसाळी ढगांचा असतो, हा त्यातील दिलासा होय.

भारतीय प्रमाण वेळेचे रेखावृत्त येथून बरेच पूर्वेस असल्यामुळे खरी मध्यान्ह घड्याळात सरासरी बारा वाजून अडतीस मिनिटांनी होते. मुंबई शहरात स्थानिक वेळेचा वापर १९५५ पर्यंत टिकून होता, त्यामागे हेच अंतर होते. परिणामी घड्याळाप्रमाणे चालणाऱ्या सकाळच्या शाळा व कारखान्यांची पहिली पाळी यांना हिवाळ्यात अपुऱ्या उजेडातच कामास आरंभ करावा लागतो. सूर्य १५° उंचीवर येण्याची वेळ डिसेंबरात सकाळी सु. ८·२५, तर जूनमध्ये सु. ७·१५ ही असते. प्रखर उन्हात बाहेरील प्रदीपन एक लाख लक्सपर्यंत जाते. जुलैतील दाट अभ्राखाली ते काही हजार लक्सवर येते. एवढ्या मोठ्या फरकाशी जुळवून घेणे, हाच येथील प्रकाशयोजनेचा मुख्य प्रश्न आहे.

वीजपूर्व काळ : कोकणपट्टीतील घराची रचना प्रथम पावसाने ठरविली. भिंती भिजू नयेत म्हणून छपराची वळचण माणसाच्या उंचीपर्यंत खाली आणली जाई. त्यामुळे पडवी व ओटी उजेडाची, तर माजघर भर दुपारीही अंधारे राही. यावर तीन उपाय रूढ होते : मोठ्या वाड्यांत मधला उघडा चौक, स्वयंपाकघरावर कौलांच्या ओळीत बसविलेले काचेचे कौल आणि भिंतीतील देवळी वा कोनाड्यात ठेवलेला तेलाचा दिवा. निवडणे-टिपणे, लेखन व शिवण ही बारकाईची कामे ओटीवर किंवा चौकाच्या कडेला होत. माजघरात साठवण व विश्रांती असे. उजेडाप्रमाणे दिवा हलविण्याऐवजी माणसेच काम घेऊन उजेडाकडे सरकत. दिवसाउजेडी दिवा लावणे ही तेलाची उधळपट्टी समजली जाई. देवघर आणि बाळंतिणीची खोली हे त्याला अपवाद होते. घासलेटाच्या चिमण्या व कंदील आल्यावरही ही शिस्त पुष्कळशी टिकली, कारण प्रत्येक दिव्याचा खर्च डोळ्यांदेखत होत असे.

प्रकाशकोनाचा नियम : मुंबई ते ठाणे आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली व १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. स्थानकांभोवती दाट वस्ती वाढू लागली. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ उद्‌भवली व ती लवकरच ठाणे जिल्ह्यातही पसरली. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांचा रोगराईशी असलेला संबंध या साथीने प्रशासनापुढे आणला. मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ १८९८ मध्ये स्थापन झाले. खोलीला उजेड व हवा मिळण्यासाठी समोरच्या इमारतीचा माथा ६३½° च्या कोनरेषेबाहेर जाऊ नये, असा दंडक या मंडळाने पुरस्कारिला. या कोनाचा व्यावहारिक अर्थ सोपा आहे : समोरील मोकळी जागा इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी असली पाहिजे. मंडळाचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील घरांतील उजेड व हवा या विषयावर व्याख्यान देऊन या दंडकाचे सविस्तर समर्थन केले.

या नियमाचे महत्त्व असे, की त्याने उजेडाचा प्रश्न घराच्या आतून बाहेर, म्हणजे शेजाऱ्याच्या जमिनीच्या हद्दीपर्यंत नेला. खिडकी कितीही मोठी केली, तरी तिच्यातून आकाश दिसत नसेल, तर खोलीच्या आतल्या भागात उजेड पोहोचत नाही. समोरच्या भिंतीवरून परावर्तित झालेला थोडा उजेडच तेवढा मिळतो. पुढे राज्यात नगररचनेच्या कायद्यांखाली इमारतींभोवती सोडावयाच्या मोकळ्या जागांचे जे नियम झाले, त्यांच्या मागे हेच तत्त्व आहे. [⟶ नगररचना].

वीज व कारखाने : टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईस वीज मिळू लागली. रेल्वेच्या विद्युतीकरणासाठी ठाकुर्लीजवळ चोळा येथे १९२९ मध्ये औष्णिक वीजकेंद्र उभारण्यात आले. कल्याण-डोंबिवलीच्या वेशीवर निर्माण होणारी ही वीज मुख्यतः गाड्या चालविण्यासाठी होती. आसपासच्या घरांत त्यानंतरही बराच काळ कंदीलच जळत होते. हे केंद्र १९८० नंतरच्या दशकात बंद झाले. शहरांतील वीजवाटप प्रारंभी खाजगी परवानाधारक कंपन्यांकडे होते; ठाण्यातील ठाणा इलेक्ट्रिसिटी सप्लाय ही त्यांपैकी एक होय. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाल्यानंतर वीजजोडणीचा प्रसार झपाट्याने झाला.

ठाण्यात १९२५ मध्ये सुरू झालेली लोकरी कापडाची रेमंड गिरणी आणि तिच्यामागून आलेले कारखाने यांमुळे मोठ्या, खोल कार्यशाळांच्या प्रकाशयोजनेचा प्रश्न पुढे आला. अशा कार्यशाळेत मध्यभागी बाजूच्या खिडक्यांचा उपयोग नसतो. म्हणून करवतीच्या दात्यांसारखे छप्पर करून त्याची उभी, काच लावलेली बाजू उत्तरेकडे ठेवण्याची पद्धत कापड उद्योगात सर्वत्र रूढ झाली होती. अशा छपराखाली उजेड जवळजवळ सारखा पसरतो आणि यंत्राच्या सावल्या सौम्य होतात. मात्र काचेवर धूळ, तंतू व पावसाळ्यातील शेवाळ साचले, की उजेड झपाट्याने घटतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या सतराव्या कलमात पुरेशा प्रकाशाबरोबरच खिडक्या व छतावरील काचा आतून व बाहेरून स्वच्छ ठेवण्याचे आणि डोळे दिपविणारी चमक व सावल्या टाळण्याचे बंधन कारखानदारावर घातले आहे, ते याच कारणासाठी. प्रकाशाच्या उणिवेची किंमत कामगार डोळ्यांनी व कधी बोटांनीही मोजतो, हे त्या कलमाने मान्य केले.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. ठाण्याची वागळे औद्योगिक वसाहत व त्यानंतरची डोंबिवलीची वसाहत ही त्याची आरंभीची कार्यक्षेत्रे होत. येथे गिरणीच्या अखंड छपराची जागा लहान गाळ्यांनी घेतली. दोन्ही बाजूंनी शेजारचे गाळे, पुढे दार व मागे एखादी खिडकी अशी ज्या गाळ्याची रचना होती, त्यास उजेड दोन टोकांनाच मिळे. त्यात पोटमाळा घातला, की खालचा भाग दिवसभर दिव्यावरच अवलंबून राही. याच काळात अनुस्फुरक नलिका, म्हणजे लोकभाषेतील ट्यूबलाइट, स्वस्त व सर्वत्र उपलब्ध झाल्या. तापदीप्त तंतूच्या दिव्याच्या मानाने तेवढ्याच विजेत कित्येक पट उजेड देणाऱ्या या नलिकेमुळे अंधारी जागाही वापरता येऊ लागली आणि म्हणूनच उजेडाची जागा बांधण्याची निकड मागे पडली.

मानके व पूरक प्रकाश : दिवसप्रकाश मोजण्यासाठी उघड्या आकाशाखालील प्रदीपनाशी खोलीतील प्रदीपनाचे शेकडा प्रमाण काढतात, त्यास दिवसप्रकाश गुणक म्हणतात. इंग्लंडमध्ये हा गुणक ढगाळ आकाश गृहीत धरून काढीत. भारताच्या बहुतांश भागात ते गृहीत योग्य नसल्यामुळे रूडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत निरभ्र आकाशावर आधारित पद्धती विकसित करण्यात आली. भारतीय मानक २४४० (१९७५ ची आवृत्ती) यात सूर्य १५° उंचीवर असताना निरभ्र आकाशाचे बाहेरील प्रदीपन ८,००० लक्स धरले आहे. त्यामुळे एक टक्का गुणक म्हणजे ८० लक्स होतात. या मानकाप्रमाणे घरातील बैठकीच्या खोलीस ०·६२५, अभ्यासाच्या जागेस १·९ व स्वयंपाकघरास २·५ टक्के गुणक अपेक्षित आहे. म्हणजे अनुक्रमे सु. ५०, १५० व २०० लक्स. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण व दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एकषष्ठांश इतकी उघडी जागा खिडक्यांना असावी लागते. ठाणे व कल्याण-डोंबिवली या हवामानविभागात मोडतात.

दिवसप्रकाश व दिवे यांचा एकत्रित विचार शास्त्रीय पायावर आणण्याचे श्रेय मुख्यतः इंग्लंडमधील राल्फ हॉपकिन्सन व जेम्स लाँगमोर यांना दिले जाते. खोल खोल्यांना दिवसा कायम स्वरूपाचा पूरक प्रकाश द्यावा, हा विचार त्यांनी १९५९ मध्ये मांडला. त्यांच्या निष्कर्षातील मर्म सकृद्दर्शनी उलटे वाटणारे आहे. लख्ख खिडकी दृष्टीसमोर असली, की डोळा तिच्या तेजाशी जुळवून घेतो आणि खोलीचा मागील भाग त्याला प्रत्यक्षाहून अधिक काळोखा भासतो. म्हणून मागील भागास रात्रीपेक्षा दिवसा अधिक प्रखर दिव्यांची गरज असते, तर खिडकीजवळचे दिवे दिवसा निरुपयोगी ठरतात. यावरून दिवसाचे व रात्रीचे दिवे निराळे असावेत आणि दिव्यांच्या रांगा खिडकीला समांतर ठेवून प्रत्येक रांगेस स्वतंत्र बटन द्यावे, हा नियम निघाला. भारतीय संहितेतही पूरक प्रकाशाची तरतूद असून त्यासाठी थंड दिवसप्रकाशी छटेच्या अनुस्फुरक नलिका सुचविलेल्या होत्या.

या नियमाला खर्च जवळजवळ नसतो, तथापि तो बांधकामाच्या वेळीच पाळावा लागतो. खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या साधारणतः दोन ते अडीच पट खोलीपर्यंत उपयुक्त दिवसप्रकाश पोहोचतो. माथा २·१ मी. उंच असेल, तर ही मर्यादा सु. ४ ते ५ मी. होते. वर्गात, कार्यालयात वा गाळ्यात दिव्यांच्या रांगा खिडकीपासून आत जाणाऱ्या ठेवल्या, तर मागच्या एका माणसासाठी पुढचे सर्व दिवे लावणे भाग पडते. तारा एकदा भिंतीत गेल्या, की ही चूक इमारतीच्या आयुष्यभर टिकते.

शहरांची वाढ व भारनियमन : ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सु. १८ लाख व कल्याण-डोंबिवलीची सु. १२·५ लाख होती. मुंबईत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गाची ही वसतिस्थाने. कर्ता पुरुष व नोकरी करणाऱ्या स्त्रिया सकाळच्या गाडीने जाऊन दिवेलागणीनंतर परतत. दिवसा घरात वृद्ध, गृहिणी व मुले असत. म्हणजे घरातील दिवसप्रकाशाच्या उणिवेचा भार ज्यांच्यावर पडे, ती माणसे घर विकत घेण्याच्या वेळी निर्णय करणारी क्वचितच असत.

जागेची टंचाई आणि नियमांना बगल देऊन झालेली बांधकामे यांमुळे अनेक वस्त्यांत इमारतींमधील अंतर प्रकाशकोनाच्या मर्यादेहून पुष्कळच कमी राहिले. तळमजला व पहिला मजला यांना आकाश दिसेनासे झाले. उरलासुरला उजेड रहिवाशांनी स्वतःच कमी केला : बाल्कनी बंद करून खोलीत घेतली, खिडकीबाहेर लोखंडी जाळीचा पिंजरा बांधून त्यात अडगळ ठेवली, पावसासाठी प्लास्टिकचे पत्रे लावले. स्वयंपाकघर व न्हाणीघर यांची खिडकी डक्टमध्ये उघडत असल्याने तेथे मध्यान्हीही दिवा लागतो. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावरील मूल खिडकीशी बसून अभ्यास करते आणि तळमजल्यावरील मुलाला त्याच वेळी ट्यूब लावावी लागते. उजेडाची ही विषमता वीजबिलातून वर्षानुवर्षे वसूल होत राहते.

या परिस्थितीचे गांभीर्य भारनियमनाच्या काळात उघड झाले. राज्यात २००५ नंतर काही वर्षे विजेची तीव्र तूट होती. शेजारच्या मुंबई शहराला त्याची झळ लागली नाही. ठाणे व कल्याण-डोंबिवलीत मात्र ठरावीक वेळी वीज बंद ठेवली जाई. ज्या घराला व गाळ्याला खिडकीचा उजेड होता, तेथे काम अडखळत का होईना चालू राही. ज्यांना नव्हता, त्यांच्या दृष्टीने भरदुपारी रात्र होई. या काळात विद्युत् घटमालेवर चालणारे इन्व्हर्टर घरोघर आले. त्यांनी गैरसोय कमी केली, परंतु मूळ दोष झाकला.

केंद्र शासनाने २००८ मध्ये सुरू केलेल्या सौर नगर कार्यक्रमात ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांचा समावेश झाला. पारंपरिक ऊर्जेच्या अंदाजित मागणीत पाच वर्षांत किमान १० टक्के घट करणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. कार्यक्रमाचा भर मुख्यतः सौर उपकरणे व ऊर्जाबचतीचे उपाय यांवर राहिला.

स्वयंचलित नियंत्रण : उजेडाने सिलिनियमची विद्युत् संवाहकता बदलते, हे विलबी स्मिथ यांनी १८७३ मध्ये दाखविले. प्रकाशसंवेदी नियंत्रणाचे मूळ या शोधात आहे. प्रारंभी अशा घटांचा उपयोग रस्त्यांवरील दिवे सांजसकाळ लावण्या-मालवण्यासाठी झाला. इमारतीत त्यांची गरज का आहे, हे इंग्लंडमधील हंट यांच्या १९७९ च्या निरीक्षणांवरून दिसून आले : माणसे खोलीत शिरताना उजेड अपुरा वाटला तर दिवा लावतात, परंतु नंतर बाहेर कितीही ऊन पडले, तरी शेवटचा माणूस जाईपर्यंत तो सहसा मालवीत नाहीत. ढगाळ सकाळी लागलेला दिवा दुपारच्या उन्हातही जळत राहतो, असा अनुभव ठाण्या-कल्याणच्या कार्यालयांतही सहज येतो.

नियंत्रणाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात ठरावीक प्रदीपन ओलांडताच दिवे बंद होतात व ते घटताच लागतात. पावसाळ्यात ढग सारखे येत-जात असल्याने यात दिव्यांची उघडझाप होऊन माणसे त्रासतात. म्हणून लावण्याची व मालवण्याची पातळी भिन्न ठेवतात आणि काही मिनिटांचा विलंब योजतात. दुसऱ्या प्रकारात दिव्यांचे तेज हळूहळू कमी-जास्त होते. अनुस्फुरक नलिकांत यासाठी खास इलेक्ट्रॉनिक चोक लागत असल्याने ही पद्धत महाग होती. एलईडी दिव्यांत ती सोपी व स्वस्त झाली. संवेदकावर थेट ऊन वा दिव्याचा झोत पडणार नाही, अशी त्याची जागा निवडून दिवसा व रात्री अशी दोनदा त्याची जुळणी करावी लागते. ही जुळणी चुकली, तर काम करणारे संवेदकावर कागद चिकटवून तो निकामी करतात, असे अनेक देशांत आढळले आहे.

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ खाली २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता जाहीर झाली. तीनुसार २५ चौ. मी. हून मोठ्या दिवसप्रकाशित क्षेत्रातील दिव्यांना, त्यांचा उजेड निम्म्याने तरी कमी करू शकेल, असे हाताने चालणारे वा स्वयंचलित नियंत्रण आवश्यक ठरले. २०१७ च्या आवृत्तीत १०० ते २,००० लक्स हा उपयुक्त दिवसप्रकाशाचा पल्ला मानण्यात आला. त्याहून अधिक उजेड म्हणजे उष्णता व डोळे दिपविणारी चमक, हे त्यातून मान्य झाले. तथापि ही संहिता १०० किलोवॉट वा त्याहून अधिक जोडभाराच्या व्यापारी इमारतींसाठी होती. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये इको-निवास संहिता आली. तीत किमान ५०० चौ. मी. भूखंडावरील इमारती येतात आणि उघडणाऱ्या खिडक्यांचे उष्ण-दमट प्रदेशातील प्रमाण पुन्हा एकषष्ठांशच ठेवले आहे. अशा संहिता राज्याने व स्थानिक संस्थांनी आपल्या बांधकाम नियमांत अंतर्भूत केल्यावरच प्रत्यक्षात लागू होतात. जुन्या चाळी, लहान गाळे व आधीच उभ्या असलेल्या चार मजली इमारती त्यांच्या कक्षेबाहेर राहतात.

मूल्यमापन : घोडबंदर रस्ता व वागळे वसाहतीच्या परिसरात उभी राहिलेली काचेच्या दर्शनी भिंतींची कार्यालये ही या इतिहासाची अलीकडची पायरी होय. तेथे आकाश मुबलक दिसते. परंतु सूर्यरोधक छज्जे नसले, तर दुपारच्या उन्हामुळे पडदे ओढले जातात व आत दिवे लागतात. अशा ठिकाणी संवेदक असूनही त्याला वाचवण्याजोगी वीजच उरत नाही. उलट जुन्या वस्तीतील तळमजल्यावर आकाशच दिसत नसल्याने संवेदकाचा उपयोग नसतो. दोन्ही टोकांना अडचण साधनाची नसून वास्तूची आहे.

म्हणून उजेडाचे नियंत्रण तीन टप्प्यांनी करावयाचे असते. प्रथम इमारतींमधील अंतर, मग खिडकी व तिच्यावरील छज्जा आणि शेवटी दिव्यांच्या रांगा, बटने व संवेदक. दोन्ही शहरांत जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. त्यांच्या जागी अधिक उंच इमारती येत असल्याने पहिल्या टप्प्याचा निर्णय पुन्हा एकदा घेतला जात आहे. प्लेगच्या काळात ठरलेले उंची व अंतर यांचे प्रमाण यात किती सांभाळले जाईल, यावर पुढील पिढ्यांच्या खालच्या मजल्यांवरील खोल्यांत भरदिवसा दिवा लागेल की नाही, हे अवलंबून राहील. [⟶ प्रकाशयोजना].